हरिश्चंद्र-बालाघाट रांग: घाटमाथ्यापासून हिवरे बाजारपर्यंत (प्रस्तावना)

सह्याद्रीची मुख्य धार दक्षिणोत्तर जाते, पण महाराष्ट्राच्या पठाराला आकार देतात त्या तिच्यापासून फुटून पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे सरकत गेलेल्या उपरांगा. हरिश्चंद्र-बालाघाट ही त्यांतली एक लांब आणि महत्त्वाची रांग. ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे हरिश्चंद्रगडाच्या प्रचंड गिरिपिंडापासून ती सुरू होते. जुन्नर, अकोले आणि संगमनेर तालुक्यांच्या हद्दींवरून ती पारनेरच्या पठारावर उतरते, नगरच्या आसपास सुट्या टेकड्यांत विखुरते आणि बीड जिल्ह्यात बालाघाट या नावाने पुन्हा स्पष्ट होते. उत्तरेला गोदावरीचे आणि दक्षिणेला भीमेचे खोरे. या दोहोंमधला जलविभाजक म्हणजे ही रांग. नगर शहराच्या पश्चिमेला सोळा-सतरा किलोमीटरवर असलेले हिवरे बाजार याच रांगेच्या उतरत गेलेल्या, झिजलेल्या टेकड्यांमध्ये वसले आहे. हरिश्चंद्रगडापासून त्याचे सरळ रेषेतले अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. एवढ्या अंतरात डोंगराची उंची निम्म्यावर येते आणि पाऊस दहाव्या हिश्शापर्यंत घटतो. एकाच रांगेची ही दोन टोके एकत्र पाहिली, तरच तिचा भूगोल आणि तिचे हवामान नीट समजते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम कोपऱ्यात सह्याद्रीपासून अशा तीन रांगा निघतात. सर्वांत उत्तरेला कळसूबाईची रांग. तिचे शिखर १,६४६ मीटर उंच असून ते महाराष्ट्रातले सर्वोच्च ठिकाण आहे. अकोले आणि इगतपुरी या तालुक्यांची हद्द याच डोंगरावरून जाते आणि पायथ्याच्या बारी गावातून वर जाण्याची नेहमीची वाट आहे. मधली रांग बाळेश्वराची. ती प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या दरम्यान संगमनेरकडे जाते. तिसरी, मुळेच्या दक्षिणेची, हरिश्चंद्राची. बाळेश्वराची रांग संगमनेरच्या पुढे मैदानात विरते. हरिश्चंद्राची रांग मात्र कुठे कड्याच्या, कुठे पठाराच्या, तर कुठे नुसत्या माळाच्या रूपाने शेकडो किलोमीटर पुढे जाते.

या रांगांच्या पश्चिमेकडच्या टोकाचा सर्वांत उंच आणि सर्वांत रानटी भाग १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर आहे. कळसूबाई, अलंग-मदन-कुलंगचे कातळकोट, रतनगड, आजोबाचा डोंगर आणि हरिश्चंद्रगड यांच्या परिसराने या प्रदेशाचा सांगाडा बनला आहे. त्यांच्यामधल्या खोऱ्यांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे व वाड्या आहेत. हे निर्मनुष्य अरण्य नाही. भात, नागली, वरई आणि खुरासणी पिकवणारी माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि जंगलाच्या बऱ्या-वाईट अवस्थेत त्यांच्या जगण्याचा मोठा वाटा आहे. अभयारण्याचा विचार त्यांना वगळून केला, तर तो अपुराच राहतो.

या साऱ्या प्रदेशाचा खडक एकच आहे: काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेला. दख्खनचे पठार या थरांनी बनले आहे आणि त्यांची सर्वाधिक जाडी सह्याद्रीच्या पट्ट्यात आढळते. भूवैज्ञानिकांनी या थरांच्या क्रमवारीतल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला कळसूबाईचेच नाव दिले आहे. या गटातल्या काही थरांत बोटाएवढे लांब, फिकट रंगाचे फेल्डस्पारचे स्फटिक काळ्या खडकात विखुरलेले दिसतात आणि त्यांच्या आधारे थरांची ओळख पटवता येते.

लाव्हाचे सगळे थर सारख्या जातीचे नसतात. काही घट्ट आणि कठीण असतात. काही वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिलेले असतात, आणि ती छिद्रे पुढे पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरलेली असतात. विहीर खणणारी माणसे अशा ठिसूळ खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून उतार किंवा सपाटी तयार होते. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट दिसतात ते यामुळे. गडांच्या माच्या, कड्यांच्या कडेने जाणाऱ्या आडव्या वाटा आणि अर्ध्या उंचीवर वसलेल्या वाड्या, सगळ्यांच्या जागा या थरांनी ठरवल्या आहेत. साम्रदजवळची सांधण दरी म्हणजे बेसाल्टमधल्या उभ्या भेगेच्या रेषेत पाण्याने खोल कोरत नेलेली घळ आहे. विहिरीला पाणी कुठे लागेल आणि कुठे लागणार नाही, हेही शेवटी हे थरच ठरवतात. हिवरे बाजारचा विचार करताना ही गोष्ट पुन्हा पुढे येईल.

हरिश्चंद्रगड हे एखादे सुळक्यासारखे शिखर नाही. तो विस्तीर्ण माथ्याचा डोंगर आहे आणि त्या माथ्यावर तारामती, रोहिदास आणि हरिश्चंद्र अशी तीन शिखरे आहेत. त्यांतले तारामती सर्वांत उंच, चौदाशे मीटरांहून थोडे अधिक. पूर्वेकडून आणि उत्तरेकडून, पाचनईच्या बाजूने, गड टप्प्याटप्प्याने चढत जातो. दक्षिणेला खिरेश्वरहून तोलार खिंडीतून वाट येते. पश्चिमेला मात्र डोंगर एकदम तुटतो. तिथला कोकणकडा अर्धवर्तुळाकार आणि आत वळलेला असून त्याची नुसती उभी भिंतच कित्येक शे मीटर उंच आहे. कड्याच्या माथ्यापासून खालच्या कोकणातल्या बेलपाडा-वाल्हिवरेच्या शेतांपर्यंतची उतरण सुमारे हजार मीटरांची भरते. समुद्र इथून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे आणि मधल्या सखल प्रदेशात पावसाळी वाऱ्याला थोपवील असा मोठा अडथळा नाही.

नद्यांच्या दृष्टीने हा डोंगर तीन खोऱ्यांना पाणी देणाऱ्या, महाराष्ट्रातल्या फार थोड्या ठिकाणांपैकी एक आहे. त्याच्या पूर्व आणि उत्तर उतारांचे पाणी मुळेत जाते. गडावर उगम पावणारी मंगळगंगाही त्याच बाजूची. मुळा राहुरी तालुक्यातल्या धरणात अडते, पुढे प्रवरेला मिळते आणि प्रवरा नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीत विसर्जित होते. दक्षिणेकडचे, खिरेश्वरच्या बाजूचे पाणी पिंपळगाव जोगे धरणाकडे आणि तिथून कुकडी, घोड अशा वाटेने भीमेत, म्हणजे शेवटी कृष्णेत जाते. कोकणकड्यावरून पडणारे पाणी काळू नदीतून उल्हासला मिळून अरबी समुद्राला पोहोचते. एका माथ्यावर पडलेला पाऊस अशा रीतीने तीन खोऱ्यांत वाटला जातो, आणि त्यातला दोन खोऱ्यांतला वाटा सगळे द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरात जातो. नगर शहराला पिण्याचे पाणी मुळा धरणातून मिळते. पठारावरच्या कोरड्या शहराची तहान अशा रीतीने बऱ्याच अंशी घाटमाथ्याच्या पावसावर भागते.

हा पाऊस येतो तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतून. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेली हवा किनाऱ्यावर येते. कोकणाच्या सखल भागावरून ती विनाअडथळा आत सरकते आणि सह्याद्रीच्या भिंतीशी आल्यावर तिला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर जाणाऱ्या हवेवरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावते, म्हणून उरलेले ढगात आणि पावसात रूपांतरित होते. पावसाळ्यात ढगांचा तळ इतका खाली असतो की हजार मीटरांचा कडा जवळजवळ पूर्णपणे ढगातच उभा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये माथ्यावर दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. पाऊस नसला तरी धुके कातळावर, गवतावर आणि झाडांच्या खोडांवर ओल साठवत राहते.

घाटघर, रतनवाडी, साम्रद ही गावे घाटमाथ्यावरच्या या पावसाच्या पट्ट्यात येतात. घाटघरचा पाऊस साधारण वर्षी चार-पाच हजार मिलिमीटरांच्या घरात असतो आणि काही वर्षी त्याहून पुष्कळ अधिक पडतो, म्हणून त्याला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. थोडे पूर्वेला भंडारदरा आहे. रतनगडाच्या उतारावर उगम पावलेल्या प्रवरेवर तिथे १९२६ मध्ये विल्सन धरण पूर्ण झाले. या धरणाची जागा निवडताना पावसाचा हा पट्टाच डोळ्यांसमोर होता: पाणी घाटमाथ्यावर साठवायचे आणि पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत कालव्यांनी न्यायचे. श्रीरामपूर, राहाता आणि राहुरीकडची ऊसशेती व त्या शेतीवर उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने हे या भौगोलिक विषमतेचे थेट फळ आहे.

कड्याशी येणाऱ्या वाऱ्याचे आणखी दोन परिणाम कोकणकड्यावर पाहता येतात. कोकणातून येणारा वारा आत वळलेल्या भिंतीत सापडून सरळ वर उसळतो, त्यामुळे कड्यावरून खाली टाकलेली हलकी वस्तू, गवताची काडी किंवा पान, पुष्कळदा उलट वर येते. दुसरा परिणाम दुर्मीळ आणि अधिक विलक्षण आहे. कोकणात धुके दाटलेले असावे, ते कड्याच्या ओठापर्यंत चढलेले असावे आणि त्याच वेळी पाहणाऱ्याच्या पाठीमागे सूर्य स्वच्छ असावा, असा योग आला की समोरच्या धुक्यावर पाहणाऱ्याची सावली पडते आणि तिच्याभोवती पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटते. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल विल्यम साइक्स या संख्याशास्त्री अधिकाऱ्याने १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या हवामानावर विस्तृत लेख लिहिला. त्यात हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या अशा वर्तुळांची नोंद आहे. दख्खनच्या तापमानाच्या, वायुभाराच्या आणि पावसाच्या पद्धतशीर नोंदींच्या अगदी आरंभीच्या कामात या लेखाची गणना करावी लागते. या डोंगराकडे हवामानाच्या अभ्यासाची जागा म्हणून पाहण्याची परंपरा त्यामुळे दोनशे वर्षांच्या जवळ पोहोचते. आज इथे येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, पण त्या प्रमाणात त्या नजरेने पाहणारे वाढलेले नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

उंचीमुळे तापमानही उतरते. हवा दर हजार मीटरांमागे सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरांवर आहे. कळसूबाईचा माथा त्याहून हजार मीटर उंच. मे महिन्याच्या दुपारी नगरला पारा चाळीसच्या आसपास असतो तेव्हा शिखरावर उन्हाची तिरीप तीव्र असली, तरी हवा सुसह्य असते. हिवाळ्यात निरभ्र रात्री माथ्यापेक्षा खालच्या दऱ्यांत अधिक गारठा जाणवतो, कारण जड झालेली थंड हवा उतारांवरून खाली उतरून खोऱ्यात साचते. वळवाच्या सरी एप्रिल-मेमध्ये येतात आणि त्यांच्याबरोबर भंडारदरा परिसरातल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांची दाटी होते. मोसमी पाऊस स्थिरावला की ते दिसेनासे होतात.

वनस्पती पावसाचीच रेषा पाळतात. कड्यालगतच्या दमट घळींत आणि राखलेल्या रायांत जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे निमसदाहरित रान टिकून आहे. उघड्या उतारांवर कारवी माजते आणि सात-आठ वर्षांतून एकदा तिच्या फुलांनी डोंगरच्या डोंगर निळे-जांभळे होतात. सपाट कातळसड्यांवर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच थरावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवे अशी फुलझाडे काही आठवड्यांत आपले आयुष्य पुरे करतात. शेकरू, भेकर, सांबर, तरस, रानडुक्कर आणि बिबट्या हे इथले प्राणी. शेकरूला सलग फांद्यांचे छत्र लागते. त्यामुळे त्याचा वावर जिथे आहे, तिथे रान अजून तुटलेले नाही असे समजायला हरकत नाही.

एवढ्या पावसाच्या प्रदेशात एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी पायपीट करावी लागते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटत नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या अनेक वाड्यांचे ते दरवर्षीचे वास्तव आहे. कारण पावसाच्या प्रमाणात नाही, जमिनीच्या रचनेत आहे. उतार तीव्र, माती पातळ, खाली घट्ट कातळ. चार महिन्यांत पडलेले पाणी काही तासांत ओढ्यात आणि काही दिवसांत जिल्ह्याबाहेर जाते. जुन्या काळी गडावर राहणाऱ्यांनी हे ओळखले होते. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराशेजारची पुष्करणी, कातळात खोदलेली टाकी आणि केदारेश्वराच्या लेण्यात बारा महिने भरलेले गार पाणी ही साठवणीची व्यवस्था होती. झिरपणारा खडक जिथे नाही, तिथे पाणी उघड्यावरच्या कोरीव भांड्यातच धरावे लागते.

माथा ओलांडल्यावर वारा उतरू लागतो आणि चित्र झपाट्याने पालटते. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि ढग विरतात. शिवाय तिच्यातले पुष्कळसे बाष्प आधीच खर्ची पडलेले असते. घाटघरपासून अकोले गावापर्यंतच्या जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांत पाऊस हजारांवरून काही शे मिलिमीटरांवर येतो. संगमनेर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही कमी पाऊस पडतो. सर्वांत कोरडा भाग समुद्रापासून सर्वांत दूर नाही, ही इथली लक्षात घेण्याजोगी बाब आहे. बीड, परभणी, नांदेड असे पूर्वेकडे जावे तसा पाऊस पुन्हा वाढत जातो, कारण तिथे बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा हात पोहोचतो. पश्चिमेचा पाऊस सह्याद्रीने अडवलेला आणि पूर्वेचा अजून न पोहोचलेला, अशा मधल्या पट्टीत नगर-पारनेरचे पठार येते.

या पठारावर पावसाळ्यात पाऊस कमी, पण वारा भरपूर. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा कान्हूर पठारावरून आणि पारनेरच्या माळांवरून अखंड वाहतो. पारनेर तालुक्यातल्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्याच्या भरवशावर. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हा वारा जमिनीतली ओल उडवून नेणारा असतो. या भागात वर्षाला दीड हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी बाष्प होऊन जाऊ शकते, म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या तिप्पट ते चौपट. अशा ठिकाणी उघड्या तळ्यात साठवलेले पाणी हे सर्वांत असुरक्षित पाणी ठरते. जमिनीखाली मुरवलेले पाणीच टिकते.

पावसाचे वेळापत्रकही घाटमाथ्याहून निराळे. तिथे जुलै हा मुख्य महिना. इथे मृगाच्या सरींनंतर पुष्कळदा लांब ताण पडतो आणि खरा भरवसा असतो तो सप्टेंबरचा, म्हणजे पूर्वा, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांचा. परतीचा पाऊस दुपारच्या गडगडाटासह येतो आणि एखाद्या तासात महिन्याचा कोटा पुरा करतो. म्हणून या पट्ट्याची पारंपरिक शेती रब्बी ज्वारीवर उभी राहिली: पावसाळाभर जमीन राखायची, सप्टेंबरची ओल धरायची आणि त्या ओलीवर थंडीचे पीक काढायचे. वर्षातले पावसाचे दिवस इथे पस्तीस-चाळीसच भरतात. पाऊस जितका कमी, तितका तो वर्षागणिक अधिक बेभरवशाचा, हा जगभरच्या कोरड्या प्रदेशांचा नियम इथेही लागू पडतो. १९७२ च्या दुष्काळाने या पट्ट्याचे जे नुकसान केले, त्याच्या खुणा पुढे दोन दशके पुसल्या गेल्या नाहीत.

हिवरे बाजारच्या भोवतीचे डोंगर हरिश्चंद्रगडाच्या तुलनेत टेकड्याच म्हणायचे. उंची बेताची, माथे सपाट, उतारांवर मुरूम आणि बरड, पायथ्याला हलकी जमीन आणि ओढ्याकाठी थोडी काळी माती. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर आणि पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरांच्या आसपास. मूळचे रान काटेरी झुडपांचे: बाभूळ, हिवर, बोर, खैर, निंब आणि मध्ये गवताळ माळ. जळणासाठी होणारी तोड आणि वर्षभर मोकाट चराई यांमुळे ऐंशीच्या दशकापर्यंत हे डोंगर पूर्ण उघडे पडले होते. उघड्या उतारावर जोराची सर पडली की पाणी मातीसह वाहून जाई, विहिरी जानेवारी-फेब्रुवारीत तळ गाठत आणि माणसे कामासाठी गाव सोडत. घाटमाथ्यावरच्या वाड्यांची आणि या गावाची अडचण तत्त्वतः एकच होती. पाणी पडत होते, थांबत नव्हते.

पण खडकाने इथे एक सोय करून ठेवली आहे. पूर्वेकडे उतार मंद होत गेल्याने लाव्हाचे थर लाखो वर्षे जागच्या जागी कुजले. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि भेगाळलेला पाषाण अशी काही मीटर जाडीची चाळण तयार झाली आणि तिच्याखाली घट्ट कातळ. वरून मुरलेले पाणी या चाळणीत उतरते, घट्ट थरावर अडते आणि उताराच्या दिशेने विहिरींकडे हळूहळू सरकते. ही साठवण फार मोठी नाही, पण उथळ आहे आणि साध्या विहिरीने गाठता येते. डोंगरावर पडलेले पाणी पळण्याआधी तिच्यात उतरवायचे, एवढाच प्रश्न उरतो.

पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यानंतर गावाने नेमका हा प्रश्न हाती घेतला. रोजगार हमीतून आणि १९९४-९५ पासून आदर्श गाव योजनेतून माथा ते पायथा असा क्रम धरून काम झाले. सर्वप्रथम सुमारे सत्तर हेक्टर उजाड वनजमिनीवर आणि डोंगरउतारांवर समपातळीतले चर खणण्यात आले. त्यांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास सांगितली जाते. मग वृक्षलागवड आणि नंतर खालच्या ओढ्यांवर बांध व पाझर तलाव. हा क्रम महत्त्वाचा आहे. खालचा बांध आधी बांधला, तर वरून येणारा गाळ तो दोन-तीन पावसाळ्यांत भरून टाकतो. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांमुळे डोंगरावर गवताचे आच्छादन परतले. पावसाच्या थेंबाचा मारा आधी गवतावर बसू लागला, माती जागेवर राहिली आणि पाण्याला मुरायला वेळ मिळाला. गवत कापून न्यायची मुभा ठेवल्याने दूधधंदाही उभा राहिला. नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान या आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीतल्या बाकीच्या गोष्टी सामाजिक शिस्तीच्या. भूगोलाच्या दृष्टीने मात्र चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या दोन सूत्रांनी बाकी सर्व कामांना टिकाऊपणा दिला.

हिवरे बाजारची गोष्ट बहुधा नेतृत्वाची आणि ग्रामसभेच्या शिस्तीची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याआधी गावाला राष्ट्रीय जलपुरस्कारही मिळाला, तो योग्यच होता. पण ती गोष्ट तितकीच एका डोंगराची आहे. गावाच्या शिवाराची हद्द आणि पाणलोटाची हद्द बऱ्याच अंशी एकमेकींशी जुळतात, म्हणून इथे मुरवलेले पाणी इथल्याच विहिरींत येते. उतार चरांना मानवतो. खडक झिरपतो. या तिन्ही गोष्टी नसलेल्या गावात हेच काम केले, तर तेच फळ मिळेल अशी हमी देता येत नाही. घाटघरच्या उभ्या कातळावर समतल चर खणता येणार नाहीत. तिथे टाकी, झऱ्यांचे जतन आणि राया राखणे हेच उपाय चालतात.

पाण्याचा हिशेब इथे सहज मांडता येतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. ९७७ हेक्टरांवर चारशे मिलिमीटर पडले, तर वर्षाकाठी सुमारे ३९० कोटी लिटर पाणी गावाच्या हद्दीत उतरते. त्यातले पुष्कळसे बाष्प होते, काही ओढ्याने जाते, काही मातीत राहते आणि उरलेले विहिरींना येते. गावात पर्जन्यमापक आहेत. पावसाळा संपला की नोंदी जमवून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि मग रब्बीत कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवायचे, असा हा क्रम. शेतीसाठी विंधनविहिरीला बंदी आहे, तसेच ऊस आणि केळी यांनाही. विंधनविहिरीवरचा आक्षेप भूगर्भाच्या रचनेतूनच येतो: उथळ चाळणीतले पाणी दरवर्षी पावसाने भरून येते, पण घट्ट कातळाखालच्या भेगांतले पाणी जमा व्हायला फार काळ लागतो, आणि खोल भोक पाडले की वरचे पाणीही त्यातून खाली निसटते.

या व्यवस्थेची मर्यादाही खडकानेच घालून दिली आहे. मुरूम आणि मांजऱ्याची साठवण एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पुरते. दोन-तीन कोरड्या वर्षांसाठी पाणी राखून ठेवण्याइतकी ती खोल नाही. चांगल्या वर्षी विहिरी भरून वाहिल्या, तरी ते पाणी पुढच्या दुष्काळासाठी शिल्लक राहत नाही. म्हणून ताळेबंद एकदा मांडून संपत नाही, तो दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नव्याने मांडावा लागतो. ज्या वर्षी पाऊस दोनशे-अडीचशे मिलिमीटरांवर थांबतो, त्या वर्षी रब्बीचे क्षेत्र कमी केले जाते आणि उपलब्ध पाणी आधी माणसांसाठी व जनावरांसाठी राखले जाते.